हॅलोजनच ठेवायचाय, पण उजेड वाढवायचाय : बल्ब, रिले आणि फोकस

वाशिष्ठी
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची हॅचबॅक, साधा एच४ बल्ब (लो-हाय दोन्ही एकातच), रिफ्लेक्टरवाला दिवा. प्रोजेक्टर वगैरे काही नाही. चिपळूण-कराड येणंजाणं कायम, आणि परतताना कुंभार्ली उतरेपर्यंत बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो. कोरड्या रस्त्यावर निभतं. पाऊस लागला की मात्र लो बीम चालू आहे की नाही ते मीटरमधला दिवा बघून ठरवावं लागतं. हेळवाकच्या पुढे जिथे कडेची पांढरी पट्टी पुसली गेलीय, तिथे कठडा अगदी जवळ आल्यावर दिसतो.

एलईडी नको आहे. तसले दिवे लावून समोरून येणाऱ्यांना मी रोज शिव्या घालते, तेव्हा तेच आपण करायचं नाही. वायरमन म्हणतो, "मॅडम, शंभर-नव्वद टाका, विषय संपला," म्हणजे हायला शंभर आणि लोला नव्वद वॅटचा बल्ब. दुकानदार म्हणतो +१५० लिहिलेला घ्या. मैत्रिणीचा नवरा म्हणतो आधी रिले बसवा, म्हणजे बल्बला बॅटरीवरून थेट करंट मिळेल. तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि फोकस नेमका कसा सेट करतात? गॅरेजमध्ये समोरच्या शटरकडे बघून अंदाजाने स्क्रू फिरवतात, तो प्रकार काही मला पटत नाही.

कृष्णाकाठ
ताई, वायरमन बरोबर बोलतोय. १००/९० टाका आणि निवांत राहा. आमच्याकडं उसाच्या सीझनला रात्री विना-रिफ्लेक्टर ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात, मागं लाल दिवा नाही, कपडा नाही, काही नाही. कंपनीच्या साठ-पंचावन्न वॅटच्या उजेडात ट्रॉली दिसेपर्यंत ऊस काचेतून आत आलेला असतो. माझ्या जुन्या जीपला वर्षानुवर्षं शंभर-नव्वदच आहेत.

दहाबारा पाना
@कृष्णाकाठ, जुन्या जीपचा दिवा म्हणजे काचेची काच आणि पत्र्याचा रिफ्लेक्टर. त्याला गरम झाल्याचं सोयरसुतक नसतं. आताच्या गाडीत सगळं प्लॅस्टिक. शंभर-नव्वद टाकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यात ठरलेलं दृश्य : होल्डर आधी पिवळा, मग तपकिरी, मग एका पिनेजवळ वितळून बल्बलाच चिकटलेला. ओढला की पिन बल्बवर राहते आणि होल्डर हातात येतो. त्यानंतर रिफ्लेक्टरच्या चंदेरी लेपावर बल्बच्या वरच्या बाजूला धुरकट डाग. तो डाग पुसला जात नाही, पुसायला गेलात तर लेपच निघतो. मग आख्खा दिवा बदला.

गणित साधं आहे. ६० वॅटचा बल्ब साधारण साडेचार-पाच अँपिअर ओढतो, शंभरचा पावणेआठच्या आसपास. दोन्ही मिळून पंधराच्या वर. कंपनीची वायर आणि स्विच त्यासाठी दिलेलेच नाहीत. स्टीअरिंगवरच्या दांडीतला स्विच गरम होऊन वास यायला लागला की गिऱ्हाईक म्हणतं, वायरिंगच खराब आहे.

कृष्णाकाठ
रिले लावून टाकायचे की मग. मी कुठं नाही म्हणतोय.

दहाबारा पाना
रिले वायर वाचवतो, प्लॅस्टिक नाही वाचवत. शिवाय त्या बल्बच्या खोक्यावरच बारीक अक्षरात 'ऑफ-रोड वापरासाठी' लिहिलेलं असतं. दिव्याला मान्यता मिळते ती ६०/५५ वर.

ओहमकाका
धागाकर्तीने तिघांची मतं सांगितली, पण सध्या बल्बला व्होल्टेज किती मिळतंय हे कोणीच विचारलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय खिशात हात घालू नका.

हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड धाडकन उतरतो. उजेड साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. एच४ चे अधिकृत आकडे, हायला १६५० लुमेन (उजेडाचं एकक) आणि लोला १०००, हे १३.२ व्होल्टवर मोजलेले आहेत. बल्बपर्यंत १२ च पोचत असतील तर १० टक्क्यांहून कमी व्होल्टेज गेलं, पण उजेड गेला २८ टक्के. हजाराचे सव्वासातशे राहिले. असा उपाशी बल्ब काढून तिथे महागडा बल्ब लावलात तर तोही उपाशीच राहणार.

मोजायचं असं. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, लो बीम चालू, एसी-पंखा रात्री असतो तसा. पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. दुसरं बल्बच्या मागे, होल्डर लावलेलाच ठेवून, त्याच्या मागून वायरच्या कडेने प्रोब आत सारून. होल्डर काढून मोजलंत तर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. करंट वाहत नसताना वायरमध्ये काही पडतच नाही, तेव्हा ते माप निरुपयोगी.

तिसरं माप लोक विसरतात : बल्बच्या अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या, निगेटिव्ह बाजूच्या) पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. आदर्श शून्य, ०.२ पर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर अर्थिंग खराब. कोकणातली गाडी, तेव्हा हे माप नक्की घ्या.

बॅटरी आणि बल्ब यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर रिलेचा विचार करायचा. नाही निघाला तर रिले म्हणजे हौस.

नानापेठी
वाखुसा (वाचनखूण साठवली). होल्डर लावून मोजायचं हे आमच्या वायरमनलाही सांगतो आता.

लीड्सकर
सोबत आणखी एक बघा. दिव्याची काच पिवळी पडली आहे का? दहा-बारा वर्षांच्या गाडीत बहुधा पडलेली असते. आणि पुढच्या काचेची आतली बाजू. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून जो तेलकट थर बसतो तो दिवसा जाणवत नाही, रात्री समोरचा दिवा पडला की सगळी काच दुधाळ होते.

दहाबारा पाना
+१. दिव्याच्या काचेला वॉटर पेपर मारा, १००० पासून सुरू करून १५००, २०००, ३००० आणि मग रबिंग कंपाउंड. पाणी सतत सोडत राहायचं. वरून यूव्हीपासून वाचवणारा कोट किंवा फिल्म हवीच, कारण पॉलिश करताना कंपनीचा कोट आपण घासून टाकलेला असतो. कोटाशिवाय सोडली तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून दात घासल्यासारखी काच घासू नका. चार दिवस चमकते.

वाशिष्ठी
मल्टिमीटर भावाकडून आणला. आकडे देते :

बॅटरीवर १४.१
उजवा बल्ब, लो : १२.४. अर्थच्या बाजूला ०.३
डावा बल्ब, लो : ११.९. अर्थच्या बाजूला ०.८

काका, म्हणजे डाव्या दिव्याला ११.९ च? डावीकडचं दिसत नाही म्हणून मी चष्म्याचा नंबर तपासून आले होते!

ओहमकाका
डोळे शाबूत आहेत तुमचे. हिशोब करा : १३.२ च्या जागी ११.९, म्हणजे उजेड ७० टक्के. उजव्याला साधारण ८१.

आता पडझड कुठे होते ते बघा. पॉझिटिव्हच्या बाजूला दोन्हीकडे १.४ जातात. ते स्विच, फ्यूजबॉक्स आणि बारीक वायर यांचं सामायिक नुकसान. डावीकडे जास्तीचे जातात ते सगळे अर्थमध्ये. डाव्या दिव्याच्या मागे, बहुधा बॅटरीच्या ट्रेच्या आसपास, बॉडीला एक थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळलेलं असेल. ते उघडा, पॉलिश पेपरने थिंबल आणि पत्रा दोन्ही चकचकीत करा, पुन्हा आवळा, वरून पेट्रोलियम जेली. खर्च शून्य. मग पुन्हा मोजा.

वाशिष्ठी
झालं! थिंबलखाली हिरवट पांढरी भुकटी होती, बोल्टला सुद्धा गंज. घासून आवळल्यावर डाव्याचा अर्थ ०.२ आणि बल्बला १२.५. डावीकडचा उजेड डोळ्यांना जाणवेल इतका वाढलाय. अजून एक रुपया खर्च केलेला नाही.

ओहमकाका
११.९ वरून १२.५ म्हणजे उजेडात १८ टक्क्यांच्या आसपास भर. आता ते १.४ परत मिळवायला रिले.

रिलेच्या जोडणीत गूढ काही नाही. आत्ता बल्बच्या होल्डरपर्यंत येणारी मूळ वायर बल्बला पेटवते. रिले लावल्यावर ती फक्त रिलेची कॉइल ओढते, म्हणजे ८५ आणि ८६ ची जोडी. बल्बला करंट बॅटरीवरून थेट येतो : बॅटरी, फ्यूज, रिलेची ३० नंबरची पिन, ८७, बल्ब. लोला एक रिले, हायला एक. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, नाहीतर फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवायला कोणी नाही. बल्बचा होल्डर सिरॅमिक घ्या.

एक खबरदारी. काही गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या, स्विच पॉझिटिव्हला नसून अर्थच्या बाजूला असतो. लो-हायची सामाईक पिन कायम पॉझिटिव्ह आणि स्विच लो किंवा हायचं अर्थ जोडतो. बाजारात मिळणारी तयार हार्नेस (रिले आणि वायरींची जुळणी) अशा गाडीत तशीच लावली तर रिले ओढतच नाही, किंवा हायचा निळा दिवा भलत्या वेळी लागतो. मीटरने आधी खात्री करा.

पिवळीपाटी
नवीन गाड्यांत हे करायला जाऊ नका, सांगून ठेवतो. दिवे कॉम्प्युटरवरून चालतात. त्याला करंट कमी दिसला की बल्ब गेला समजून डॅशबोर्डवर चिन्ह येतं. आणि वॉरंटीत असेल तर वायरला हात लावल्याबरोबर सर्व्हिस सेंटर हात वर करतं. २०१४ च्या साध्या गाडीला चालेल.

कृष्णाकाठ
बरं, रिले झाला, काच झाली. आता बल्ब कुठला ते तरी सांगा. +१५० म्हणजे अडीचपट उजेड ना?

नानापेठी
नाही हो. ते खोकं वाचायलाही एक कला लागते. ६०/५५ चा कुठलाही मान्यताप्राप्त एच४ घ्या, एकूण लुमेन ठरलेल्याच मर्यादेत असतात, १५ टक्के इकडेतिकडे. बल्बवर गोलात 'ई' आणि आकडा असेल तर त्याला ही मर्यादा पाळावीच लागते. +१५० वाले तो उजेड वाढवत नाहीत, गोळा करतात. तार आखूड आणि बारीक, गुंडाळी घट्ट, आत झेनॉनसारखा वायू जास्त दाबाने भरलेला. तार जितकी बारीक तितका रिफ्लेक्टर तिला नेमकं पकडतो, आणि झोताचा मधला ठसा लांबवर तेज पडतो. '१५० टक्के' हे त्या ठराविक बिंदूंवर, आणि तेसुद्धा कायद्याने लागणाऱ्या किमान उजेडाच्या तुलनेत. रस्त्याच्या कडेला, वळणावर तुम्हाला काही अडीचपट मिळत नाही.

तरी फरक पडतो, हे मान्य. ऑसरॅमचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्स-ट्रीम व्हिजन लावून बघितलेल्यांना विचारा. फक्त आयुष्य कमी. आणि नकली माल भरपूर आहे. आमच्या पेठेत सुद्धा खोकं हुबेहूब, होलोग्राम हुबेहूब. नकली ओळखायची माझी खूण : कॉलरवर बल्ब धरून ठेवणारं वेल्डिंग वेडंवाकडं आणि तार मधोमध नाही. खिडकीसमोर धरून बघा, लो बीमची तार तिच्या खालच्या धातूच्या वाटीला समांतर हवी.

निळसर काचेचे 'व्हाइट' वाले घेऊ नका. निळा लेप म्हणजे गाळणी, उजेडातला पिवळा-लाल भाग खाऊन टाकते. दिसायला पांढरं, पावसात शून्य.

ओहमकाका
नानापेठींशी सहमत, एक पुरवणी जोडतो. ज्या नियमाने व्होल्टेज वाढलं की उजेड वाढतो, त्याच व्होल्टेजने आयुष्य घटतं, आणि ते फार वेगाने, १२-१३ व्या घाताने. रिले लावल्यावर बल्बला १३.७ मिळाले तर साध्या बल्बचं आयुष्यसुद्धा १३.२ च्या मानाने साठ टक्क्यांवर येतं. मुळातच कमी आयुष्याचा +१५० त्यावर लावलात तर घाटाच्या मध्यावर एक डोळा मिटण्याची तयारी ठेवा.

माझं मत : रिले असेल तर साधा किंवा +३० चा चांगल्या कंपनीचा बल्ब. रिले लावायचाच नसेल तर +१३०, +१५० ला अर्थ आहे. दोन्ही एकत्र करणाऱ्याने डिकीत जादा जोडी ठेवावी.

कृष्णाकाठ
रिले पण आणि +१५० पण, आणि डिकीत जोडी. मला हेच पटलं. शंभर-नव्वद सोडतो, पण इतका काटकसरी पण होणार नाही राव.

ओहमकाका
तुमची गाडी, तुमची डिकी.

दहाबारा पाना
बल्ब बसवताना तीन गोष्टी. काचेला बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसायचं, कारण घामातलं तेल तापून काचेवर पांढरा चट्टा धरतं आणि बल्ब तिथूनच जातो. एच४ च्या कॉलरला तीन कान असतात, तिन्ही आपापल्या खाचेत बसले की बल्ब हलत नाही. घाईत एखादा कान खाचेबाहेर ठेवून वर स्प्रिंगची तार अडकवलेली मी शंभरदा बघितलीय. मग गिऱ्हाईक फोकसचा स्क्रू पिळत बसतं आणि झोत झाडाच्या शेंड्यावरच. तिसरं, मागचं रबरी बूट नीट चढवा, 'टॉप' लिहिलेली बाजू वर. नाहीतर पावसाळ्यात दिव्यात मत्स्यालय.

आणि जोडीने बदला. एक नवा एक जुना नको.

वाशिष्ठी
रिले, सिरॅमिक होल्डर आणि +३० ची जोडी बसवून घेतली. स्विच पॉझिटिव्हलाच निघाला, त्यामुळे तयार हार्नेस चालली. आता दोन्ही बल्बना १३.७. काका, ११.९ पासून १३.७ म्हणजे किती हो?

ओहमकाका
डाव्याला जवळजवळ साठ टक्के जास्त. बल्बवर लिहिलेले वॅट तेच.

पण आता फोकस सेट केल्याशिवाय घाटात जाऊ नका. उजेड वाढला की चुकीचा फोकसही तितकाच जास्त बोचतो. सविस्तर लिहितो.

भिंत हवी, आणि तिच्यासमोर सपाट जागा. जागा अगदी पाणसळीत नसली, एकसलग उतार असला तरी चालेल, कारण आपण सगळं जमिनीपासून मोजतो. मध्येच खड्डा किंवा उंचवटा मात्र नको. चारही चाकांत ठरलेली हवा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, डिकी नेहमीसारखी. डॅशबोर्डवरचा, दिव्याचा झोत वर-खाली करणारा नॉब ० वर. हा नॉब ० वर न आणता स्क्रू फिरवणारे गॅरेजवाले मी पाहिलेत.

गाडी भिंतीला नाक लावून उभी करा. दिव्याच्या काचेवर मध्यभागी बारीक ठिपका किंवा खूण असते, तिच्या समोर भिंतीवर खडूने फुली. दोन्ही दिव्यांच्या दोन फुल्या. फुल्यांतून आडवी रेघ, प्रत्येक फुलीतून उभी रेघ. आता गाडी सरळ मागे घ्या, दिव्यापासून भिंत बरोबर ५ मीटर. स्टीअरिंग न वळवता.

दिव्याच्या अंगावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लो बीमचं चिन्ह आणि शेजारी १% किंवा १.२% असं छापलेलं सापडेल. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली, ५ मीटरवर ५. तेवढी खाली दुसरी आडवी रेघ मारा. झोताची वरची कड या खालच्या रेघेवर बसली पाहिजे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ती कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे वर चढते. जिथून चढायला लागते तो कोपरा बरोबर उभ्या रेघेवर हवा. एका वेळी एकच दिवा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा धरा. काचेवर गोधडी टाकून ठेवू नका, प्लॅस्टिक आहे ते.

एच४ मध्ये लो आणि हाय एकाच बल्बात. लो बसला की हाय आपोआप बसतो, त्याला वेगळं सेट करायचं नसतं.

वाशिष्ठी
सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर केलं, वॉचमनकाका सीटवर बसले होते. स्क्रूला हात लावण्याआधी जे होतं ते सांगते : उजव्या दिव्याची कड फुलीच्या फक्त १ सेंटिमीटर खाली, आणि डाव्याची १४ सेंटिमीटर खाली!

ओहमकाका
मग सगळा उलगडा झाला. तुमच्या दिव्याची उंची?

वाशिष्ठी
जमिनीपासून ६५ सेंटिमीटर.

ओहमकाका
१ टक्क्यावर ६५ सेंटिमीटर उंचीचा झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. तुमचा डावा २.८ टक्के खाली होता, म्हणजे २३ मीटरवरच संपत होता. ताशी ६० च्या वेगाने २३ मीटर जायला दीड सेकंदही लागत नाही. ६५ मीटरला जवळपास चार. आणि उजवा ०.२ वर, म्हणजे जरा उंचवटा आला की सरळ समोरच्याच्या डोळ्यात. डिपर मारायचे ना लोक तुम्हाला?

वाशिष्ठी
सतत. मला वाटायचं बाई चालवतेय म्हणून मारतात.

पिवळीपाटी
तेही असेल! आमच्या पासिंगला दिव्याचा फोकस बघतात, म्हणून आम्हाला माहिती. खाजगी गाडीचा कोण बघतो? कायद्यात आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, १०६ वा : झोत असा खाली वळलेला हवा की ८ मीटरवर उभ्या माणसाचे, दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपू नयेत. आणि गाडीच्या पुढच्या बाजूला सर्चलाइट लावायला १११ वा नियम मनाई करतो. आमच्या लहानपणी एसटीच्या, ट्रकच्या दिव्यावर मधोमध काळा ठिपका असायचा, तो त्याच दिपवण्यावरचा गावठी उपाय.

कृष्णाकाठ
पोरीच्या नवऱ्यानं जर्मनीतून माझ्या गाडीचे आख्खे दिवे आणतो म्हटलंय, सेकंडहँड, स्वस्तात. ते तर चांगलेच असतील?

लीड्सकर
आणू नका! तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, तेव्हा त्यांच्या झोताची चढती बाजू उजवीकडे. आपल्याकडे ती बरोबर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. स्क्रू कितीही फिरवा, बाजू बदलत नाही. ओळखायची खूण : दिव्याच्या काचेवर 'ई' च्या आसपास बाण बघा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजवीकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा. बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांसाठीचा. आणायचेच तर इंग्लंडातून आणा, आमच्याकडेही डावीकडूनच. इथे दरवर्षीच्या एमओटी तपासणीत फोकस मोजतात, आणि हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबलेली गाडी नापास करतात.

वाचनमात्र
बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. धुक्याचं कोणी बोललंच नाही. आंबोलीत पावसाळ्यात पिवळा बल्ब बरा ना? पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो म्हणतात.

ओहमकाका
स्वागत. आरपार जात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, ते निळा आणि पिवळा जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्यांना कमी बोचतं, तेवढा फायदा खरा. पण पिवळा लेप हीसुद्धा गाळणीच, मुख्य दिव्यात लावलात तर एकूण उजेड घटतो.

धुक्यात अडचण असते आपलाच उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांकडे परत येण्याची. म्हणून हाय बीम बंद, आणि दिवा जितका खाली, डोळ्यांच्या रेषेपासून जितका लांब, तितकं बरं. फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली, रुंद आणि आखूड झोताचा असतो तो त्यासाठीच. घाटातल्या वळणावरही त्याचाच उपयोग, कारण मुख्य दिवा गाडीचं नाक जिकडे तिकडेच बघतो आणि वळण असतं बाजूला. तिथे दोनशे वॅट टाकले तरी समोरची दरीच उजळेल.

पावसातल्या ओल्या डांबराचं निराळं. कोरडा खरखरीत रस्ता थोडा उजेड आपल्याकडे परत पाठवतो. ओला झाला की वर पाण्याची गुळगुळीत पापुद्री तयार होते, उजेड तिच्यावरून पुढेच निघून जातो आणि आपल्याला रस्ता काळा दिसतो. कुठल्याही बल्बने हे पुरतं सुटत नाही. सुटतं ते वेग कमी केल्याने, आणि ठळक पांढऱ्या पट्टीने. ती रंगवणं आपल्या हातात नाही.

वाशिष्ठी
काल रात्री कुंभार्ली उतरले, झिमझिम होती. डावीकडची कड आता बऱ्यापैकी आधी दिसते, गवत आणि कठडा वेगवेगळे कळतात. ओल्या रस्त्यात काळं ते काळंच, काका म्हणतात तसं. पण समोरून एकानेही डिपर मारला नाही. धन्स सगळ्यांना!

शेवटची शंका : मे महिन्यात मागे आंब्याच्या पेट्या भरून कराडला न्यायच्या असतात. गाडी मागून बसते, मग तो १ टक्का राहील का?

दहाबारा पाना
नाही राहणार, नाक वर होईल. तो नॉब त्यासाठीच आहे, ० ते ३. पेट्या भरल्यावर गाडी त्याच भिंतीसमोर त्याच ५ मीटरवर लावा, कड पुन्हा खालच्या रेघेवर येईपर्यंत नॉब फिरवा, आणि कुठल्या आकड्यावर आली ते लक्षात ठेवा. बहुधा २. खडूची रेघ पावसाने जाईल, ऑइलपेंटने मारून ठेवा. सोसायटीचे चेअरमन ओरडले तर त्यांच्याही गाडीचा फोकस करून द्या.